फिलिपसाहेबांच्या बारा बाटल्या

"जांभूळ," दगूभाऊ म्हणाले. ग्लास नाकाखाली, डोळे मिटलेले. "पण झाडावरचं न्हाई, ताई. खाली पडून फुटलेलं, मातीत लोळलेलं. आन् मागून करवंद येतंय. कच्चं, चिकाचं."

"चिकाचं म्हणजे?"

"तोडल्यावर पांढरा चीक निघतो ना, बोटाला चिकटतो, त्या वासाचं. लिहा तुम्ही, लिहा. नायतर इसरल."

मी लिहिलं. रंगनाथअण्णा मोगल समोर उभे राहून हसत होते. वायनरी त्यांची. दिंडोरीच्या पुढं करंजवणच्या रस्त्याला त्यांचा मळा. सगळं आयुष्य खायच्या द्राक्षांत घालवलं आणि पन्नाशीला या माणसानं लाल वाइन करायचं मनावर घेतलं. अण्णांनी एक घोट घेतला, गाल आत ओढले नि म्हणाले, "मला बुवा नुसतं तुरट लागतंय. ह्या दगूला न पिता एवढं कळतं, आणि मला पिऊन काही कळत नाही!"

"हलवायाच्या दुकानातला माणूस पेढे खातो का, अण्णा?" दगूभाऊ म्हणाले.

दगूभाऊ गांगुर्डे आमचं तळघर सांभाळायचे. पंचेचाळिशीचे, काटक, डोक्यावर टोपी, बोलणं सावकाश. त्यांचे वडील हातभट्टीपायी गेले. तेव्हा विसाव्या वर्षी दगूभाऊंनी वणीच्या गडावर देवीसमोर शपथ घेतली, की थेंबाला शिवणार नाही. आणि नोकरी मिळाली ती नेमकी वायनरीत! गावानं खूप चेष्टा केली. पण तिथल्या अकरा वर्षांच्या अख्ख्या नोकरीत त्यांनी जिभेला वाइन लावली नाही, फक्त वास घ्यायचे. आणि नाक असं, की दहा टाक्यांतली कुठली बिघडायला लागलीये हे माझ्या यंत्राच्या दोन दिवस आधी सांगायचे.

मी रोहिणी कापडणीस. तेव्हा पंचवीस वर्षांची, रसायनशास्त्राची पदवी घेतलेली. त्याआधी दोन वर्षं खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या तपासायचं काम केलं होतं. बाटली उजेडासमोर धरायची, तळाला काही दिसलं की बाजूला टाकायची. तोंडाची मी फटकळ होते, आजही आहे. आयुष्यात एकदाच बोलायच्या वेळी गप्प बसले, तेच सांगायला बसले आहे.

त्या वर्षी फ्रान्सहून फिलिपसाहेब महिनाभर आले होते. बोर्दोजवळच्या खेड्यात त्यांचा पिढीजात मळा. इंग्रजी त्यांचंही मोडकं, माझंही मोडकं, म्हणून आमचं छान जमलं. ते बोलायचे, मी अण्णांना आणि दगूभाऊंना मराठीत सांगायचे. जाताना त्यांनी लाकडी खोक्यातून स्वतःच्या घरच्या लाल वाइनच्या बारा बाटल्या अण्णांच्या हवाली केल्या. सगळ्या एकाच वर्षाच्या. कॅबर्ने आणि मर्लो या दोन जातींची द्राक्षं, वेगवेगळी आंबवून मग एकत्र केलेली.

"वर्षाला एकच उघडायची," ते म्हणाले. "द्राक्षतोडणी उरकली की. आणि काय वाटलं ते लिहून मला पाठवायचं. बारा वर्षांत ही वाइन तुम्हाला सगळं शिकवेल. तुमची स्वतःची कधी विकायची आणि कधी थांबायचं, तेही हीच सांगेल."

हे मी दगूभाऊंना सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे दोघी नांदायला आल्यात म्हणा की एका घरात. आता नवी नवलाई हाये. पुढं बघा कशा भांडत्यात."

फिलिपसाहेबांना मी हे जसंच्या तसं सांगितलं, फक्त कोण म्हणालं ते सांगायचं राहून गेलं. ते एवढे हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

पहिल्या बाटलीतलं जांभूळ आणि करवंद सुरुवातीला सांगितलंच. दुसऱ्या वर्षी दगूभाऊंना जांभळाच्या जोडीला काळी मनुका सापडली, लवंग सापडली, आणि "नव्या कपाटाचं दार उघडल्यावर येतो तो" वास. अण्णांनाही आवडली. मी सगळं वहीत लिहिलं, इंग्रजीत उतरवलं आणि पत्रानं पाठवलं. उत्तर आलं: हे शब्द कुठल्या पुस्तकातले? मला फार आवडले.

ते शब्द दगूभाऊंचे आहेत, हे मी कळवलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. पत्रावर सही माझी असायची, आणि साहेब स्तुती करायचे ती माझी. आणि स्तुती कोणाला नको असते?

तिसऱ्या वर्षी बाटली उघडली आणि काहीच नाही. वासच नाही. जिभेवर नुसता तुरटपणा, हिरडा चघळल्यासारखा. अण्णांचा चेहरा पडला. "मेली का काय ही?"

दगूभाऊंनी ग्लास गोल फिरवला, परत हुंगला, परत फिरवला. "मेली न्हाई. भांडण झालंय. दोघीबी तोंड फिरवून बसल्यात."

चौथ्या वर्षी तेच, किंबहुना जास्त. मी घाबरून साहेबांना लिहिलं. त्यांचं उत्तर चार ओळींचं: काळजी करू नका, ही वाइन मधली दोन-तीन वर्षं अशीच मिटून घेते. त्या वेळी उघडणारा फसतो. धीर धरा. आणि ज्यानं 'भांडण' हा शब्द लिहिला त्याला माझा नमस्कार सांगा.

मी तो नमस्कार खिशात घातला.

पाचव्या वर्षी रंग बदलला होता. आधी ग्लासाला जांभळा डाग पडायचा, आता कडेला भाजलेल्या विटेची छटा दिसत होती. आणि दगूभाऊ हुंगत असताना एकदम थांबले. "ताई... तंबाखू. ओली पुडी. आन् सुपारी फोडल्यावर अडकित्त्याला येतो तो वास. बोलाय लागल्यात दोघी. अजून पाठ हाये एकमेकींकडं, पण बोलाय लागल्यात."

"जांभूळ?"

"हाये की. पण आता सुकलंय, उन्हात वाळत घातल्यावानी."

त्या पत्राच्या उत्तरात फिलिपसाहेबांनी दोन गोष्टी लिहिल्या. एक, सहावी बाटली उघडायला ते स्वतः येणार. दुसरी, ही वही लिहिणाऱ्या व्यक्तीला ते एक वर्ष आपल्या मळ्यावर शिकायला नेणार, सगळी सोय त्यांची.

अण्णांनी पत्र वाचून घेतलं आणि पेढे वाटले. "आपली रोहिणी फ्रान्सला चालली!" दगूभाऊंनी पेढा कपाळाला लावून खाल्ला. "बरं झालं, ताई. पुढं काय व्हतं तिचं, समदं बघून या. मला सांगा मंग."

एक शब्दही कडू नाही. त्यांच्या मनात आलं असेल का, की वहीतला शब्द न् शब्द आपला आहे? मला वाटतं आलंच नसेल. आणि माझ्या मनात आलं होतं, तेच मला टोचत होतं. टोचायला लागलं की मी चिडते, हा माझा जुना स्वभाव.

साहेब यायच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. पासपोर्टच्या कामासाठी मला नाशिकला पळायचं होतं, त्या दिवशी पोलीस चौकशीचे कागद द्यायचे होते. निघता निघता तळघरात डोकावले. उरलेल्या सात बाटल्या आडव्या ठेवलेल्या. एक उचलून दिव्यासमोर धरली, तर आत एका अंगाला काळपट साका धरलेला, काढ्याच्या भांड्याला धरतो तसा. दुसरी बघितली, तिच्यातही तेच.

"दगूभाऊ, हे काय हो?"

"मागल्या वर्षापासनं धरतोय थोडाथोडा. वाइनचाच असल."

"अहो, साहेब येणार, आणि त्यांच्या बाटल्यांमध्ये ही घाण? काय म्हणतील ते, कशा ठेवल्यात म्हणून! काढून टाका हे."

"काढायचं म्हंजे... झाकण उघडावं लागल, ताई."

"मग उघडा. स्वच्छ फडक्यातून गाळून घ्या आणि परत बूच लावा. आपल्याकडं यंत्र आहे ना बुचाचं?"

"साहेबाला इचारून बघायचं का? वर्साला एकच उघडायची म्हणाले व्हते ते."

"दगूभाऊ, मी सांगतेय ना!" मी ओरडलेच. "दरवेळी काय तुमचं? मला उशीर होतोय."

त्यांनी मान हलवली. मी बस पकडली. नाशिकला पोचेपर्यंत माझ्या डोक्यातून ते पार गेलं होतं. जुन्या लाल वाइनचा साका म्हणजे घाण नव्हे, रंग आणि तुरटपणा एकमेकांना धरून खाली बसतात आणि वरची वाइन मऊ होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी खोकल्याच्या औषधातून आलेली बाई. आणि माहीत नसलं की विचारावं, हेही माहीत नव्हतं.

साहेब आले तो दिवस एप्रिलचा. सकाळी अकराला पडवीत टेबल मांडलं, पांढरं कापड घातलं. अण्णा नवा सदरा घालून आलेले. दगूभाऊ धुतलेल्या टोपीत, बाटली दोन्ही हातांत धरून आले आणि त्यांनी ती साहेबांसमोर ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. बाटली आरशासारखी स्वच्छ होती.

साहेबांनी ती उजेडात धरली. मग गळ्यावरचं आवरण बोटानं चाचपलं. ते आमच्या वायनरीचं होतं, मरून रंगाचं. त्यांनी बूच काढलं आणि उलटसुलट करून बघितलं. त्यांच्या बुचांवर त्यांच्या घराण्याचं नाव असायचं. हे कोरं होतं.

"हे माझं बूच नाही," ते मला म्हणाले.

तीन आठवड्यांपूर्वीचा तो दिवा, ती बाटली, माझं ओरडणं, सगळं एकदम आठवलं.

मी अण्णांना सांगितलं. अण्णा वळले. "दगू?"

"व्हय अण्णा, मीच बदललं," दगूभाऊ अजून हसतच होते. "आत साका धरला व्हता. समद्या उघडल्या, मलमलचं फडकं उकळून घेतलं, त्यातनं गाळल्या. सात व्हत्या, सहा भरल्या."

"सहा? आणि सातवी?"

"तळाचं गढूळ टाकावं लागलं ना, अण्णा. ते वेलीच्या बुडाशी ओतलं."

मी हे साहेबांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी ग्लासात ओतली. वास घेतला आणि ग्लास खाली ठेवला, तोंडाला लावलाही नाही. अण्णांनी तोच ग्लास उचलून घोट घेतला. मीही घेतला. पाच वर्षं जिचे रुसवे-फुगवे आम्ही लिहीत होतो, तिचं आमसुलाचं शिळं पाणी झालं होतं. हवा लागली होती, वर एप्रिलचं ऊन. साहेबांनी दुसरी आणायला सांगितली, तीही तशीच. तिसरी उघडायला त्यांनी नको म्हटलं.

अण्णांचा चेहरा लालबुंद झाला होता. साहेबांसमोर त्यांची मान खाली गेली होती, आणि मान खाली गेलेला माणूस कुणाला तरी शोधतोच. "वेलीच्या बुडाशी ओतलं म्हणतोस? का प्यालास? खरं सांग दगू, उघडल्यावर मोह झाला ना?"

दगूभाऊंचं हसू गेलं. त्यांनी हात उचलून गडाच्या दिशेला जोडले.

"विचार त्याला," साहेब मला म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "हा माणूस इतकी वर्षं तळघर सांभाळतो. हे त्याच्या मनानं त्यानं केलं नसणार. विचार, त्याला कोणी सांगितलं?"

हे मला मराठीत करायचं होतं. माझ्याच तोंडानं.

"दगूभाऊ," मी म्हणाले. "साहेब विचारतायत... हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

दगूभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. वाट बघत होते ते. एवढंच होतं त्या नजरेत, की आता ताई बोलेल. मी टेबलावरच्या कापडाकडं बघत राहिले. एक वाक्य पुरलं असतं. 'मी सांगितलं.' पण त्या वाक्यापलीकडं फ्रान्स नव्हतं, करंजवणचा रस्ता होता आणि अण्णांच्या तोंडून निघणारं 'उद्यापासून येऊ नको' होतं.

"साहेबाला सांगा," दगूभाऊ शेवटी म्हणाले, "कोणी न्हाई सांगितलं. माझ्या मनानं केलं."

मी ते इंग्रजीत सांगितलं.

"आन् ताई, एवढं सांगा साहेबाला," ते पुढं म्हणाले. "ज्या दिवशी गाळली ना, त्या दिवशी काय वास सुटला व्हता! समदं तळघर भरलं. गुलकंदाची बरणी उघडावी तसा. मंग तंबाखू, मंग जुन्या खोडाची साल, आन् पाऊस पडून गेल्यावरचं गवत. घटकाभर राहिला. दोघी हसत व्हत्या साहेब, खरं सांगतो. मला वाटलं, मी बरंच केलं. वाईट करायचं मनात नव्हतं."

साहेब माझ्याकडं बघत होते. "काय म्हणतो?"

गुलकंद, तंबाखू, जुन्या खोडाची साल. हे सांगितलं असतं, तर वही कोणाच्या नाकानं लिहिली गेली हे साहेबांना त्याच क्षणी कळलं असतं.

"म्हणतो, चूक झाली," मी म्हणाले.

एवढं मोठं बोलणं एवढ्याशा इंग्रजीत कसं मावलं, हे कळायला इंग्रजी यावं लागत नाही. दगूभाऊंनी मान खाली घातली. अण्णा म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." दगूभाऊंनी जेवणाचा डबा उचलला, सायकल काढली आणि गेले.

गाव ते गाव. आठ दिवसांत बातमी झाली की दगूनं साहेबाची फ्रेंच दारू ढोसली आणि बाटल्यांत पाणी भरून ठेवलं. ज्यांनी त्यांना भजनात टाळ धरून उभं केलं होतं, तेच आता पारावर विचारायचे, "काय दगूभाऊ, आज देशी का फ्रेंच?" हे मला फ्रान्सला जायच्या आधीच कळलं होतं. तरी मी गेले.

तिथं मी खूप शिकले. फिलिपसाहेबांच्या आई जुनी बाटली जेवणाच्या तासभर आधी मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. साका फडक्यात, वाइन काचेच्या सुरईत. अगदी दगूभाऊंसारखं. फक्त गाळली की ती लगेच प्यायची असते, परत कोंडून ठेवायची नसते, एवढाच फरक. हे बघितलं त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. साहेबांनी विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणाले. आणि तिथल्या माझ्या वहीत पहिल्यासारखे शब्द काही आले नाहीत. साहेब एकदा म्हणालेही, "तुझ्या देशात तू जास्त छान लिहायचीस."

परत आले ती अण्णांच्या वायनरीची मुख्य झाले. दगूभाऊंच्या गावाकडं मात्र फिरकले नाही. सहा वर्षं! कामाचं निमित्त होतंच, आणि निमित्तांना काय तोटा? आज जाऊ, उद्या जाऊ. अण्णांना सांगायचं तेही राहिलं, आणि एका पौषात ते हृदयविकारानं गेले. मग सांगायला उरलं कोण? मी मनाला समजावलं, की आता उकरून काढून काय उपयोग.

मग एका मार्चला फिलिपसाहेब आले. थकले होते. येताना त्यांनी एक बाटली आणली होती, त्याच बारा बाटल्यांच्या वर्षाची, त्यांच्या घरी राहिलेली. आम्ही ती उघडली. मी ग्लास नाकाशी नेला आणि मला काहीच लिहिता येईना. सुंदर होती, एवढंच कळत होतं. तुरटपणा कुठल्या कुठं गेला होता, रंग पार विटकरी. शब्द सुचेना म्हटल्यावर एकच माणूस आठवला. औषधाची छोटी बाटली उकळून घेतली, काठोकाठ भरली, घट्ट बूच लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढली.

दगूभाऊ घराबाहेर खाटेवर बसले होते. केस पांढरे, तोंडात दात कमी. एका गुलाबाच्या पॉलीहाउसवर राखणीला जायचे. "त्या गुलाबांना वास नसतो, ताई," ते म्हणाले, जणू आम्ही कालच भेटलो होतो. "नुसता रंग."

मी बाटली पुढं केली. त्यांनी झाकण काढलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले.

"खारीक," ते म्हणाले. "ओला पालापाचोळा. जुनं चामडं... घोड्याच्या खोगिराचं. आन् लांबून, लई लांबून जांभूळ. आठवण आल्यावानी."

"आणि भांडण?"

"आता कुठलं भांडण, ताई! म्हाताऱ्या झाल्या दोघी." ते हसले आणि बाटली मला परत दिली. "बरं केलं दाखवलंत. मला वाटायचं, काय झालं असल पुढं."

मला रडू येत होतं. मी पदराआड तोंड लपवणारी बाई नाही, पण तेव्हा लपवलं. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोनं, हौसावहिनींनी हाक मारली. जेवून जायचं, नाही म्हणायचं नाही.

बाजरीची भाकरी होती, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. दगूभाऊ आणि मी पानावर बसलो. वहिनी वाढत होत्या, आणि मला वाढताना त्यांचा हात आखडत नव्हता.

"किती वर्षांनी पाय लागले तुमचे," त्या म्हणाल्या. "गावानं काय काय म्हटलं ताई, इचारू नका. पोरीला बघायला आलेले पाव्हणे चौकशी करून माघारी गेले. पण हे म्हणायचे, हौसा, एक माणूस बोललं गं माझ्या बाजूनं. अण्णांच्या तोंडावर, साहेबाच्या तोंडावर. 'दगूभाऊ थेंब पीत नाहीत, मी लिहून देते' म्हणाल्या ताई. अण्णांनी ऐकलं न्हाई, ती गोष्ट येगळी. मी सांगते तुम्हाला, त्या एका बोलण्यावर आम्ही दिवस काढले. दिवाळीला दिवा लावताना तुमचं नाव घेते मी."

माझा घास हातातच राहिला. मी दगूभाऊंकडं बघितलं. ते आपल्या ताटात बघत होते.

"खा, ताई," ते म्हणाले. "भाकरी गार व्हतीया."

ते काय सांगत होते ते मला कळलं होतं. अगदी स्पष्ट कळलं होतं. पण सहा-सात वर्षं छातीवर बसलेला धोंडा मला आता, याच क्षणी, उतरवायचा होता. मी चांगली बाई ठरावी म्हणून नाही. मला नुसता श्वास घ्यायचा होता.

"वहिनी, मी बोलले नव्हते," मी म्हणाले. "बाटल्या गाळायला मीच सांगितलं होतं. त्यांनी मला विचारलं, साहेबाला विचारू का, तर मी त्यांच्यावर ओरडले. आणि त्या दिवशी कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मी... मी गप्प बसले. वहीतले शब्दही यांचेच होते. फ्रान्सला मी यांच्या नाकावर जाऊन आले."

वहिनींच्या हातात भाकरी होती, ती तशीच राहिली. "तुम्ही सांगितलं व्हतं?"

"हो."

"आन् गप बसल्या?"

"हो, वहिनी."

त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नवऱ्याकडं वळल्या. "मंग इतकी वर्सं तुम्ही मला काय सांगत व्हता?"

वहिनींनी भाकरी टोपलीत ठेवली, उठल्या आणि मागच्या दारानं परसात गेल्या.

आम्ही दोघंच राहिलो. मी हात जोडले, माफी मागितली, काय काय बोलले आता आठवत नाही. दगूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. मागच्या दाराकडं बघत होते.

"मी प्यालो न्हाई, हे तिला कधी पटवावं लागलं न्हाई, ताई," ते हळूच म्हणाले. "तिचा इश्वास व्हता. पण अकरा वर्सं जिथं राबलो, तिथं माझ्या बाजूनं एक माणूस बोललं न्हाई, हे बायकोला कसं सांगायचं? म्हणून तुमचं नाव घेतलं. सांगून सांगून मलाबी खरंच वाटाय लागलं व्हतं. तेवढं तरी राहू द्यायचं व्हतं, ताई."